न्यूयॉर्कचा महापौर, मोफत बस आणि आपण

न्यूयॉर्क शहराला नवा महापौर मिळाला आहे. जोहरान ममदानी हे त्यांचे नाव, वय अवघे ३४ वर्षे. जन्म युगांडातील कम्पाला शहरात, आई चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर, वडील प्रा. महमूद ममदानी हे कोलंबिया विद्यापीठातील नामवंत विचारवंत. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत त्यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवले. वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. महापौरपदाच्या निवडणुकीत एवढे मतदान त्या शहरात १९६९ नंतर प्रथमच झाले. १ जानेवारी २०२६ रोजी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर त्यांनी शपथ घेतली ती जमिनीखालच्या एका बंद रेल्वे स्थानकात. हे स्थानक १९०४ साली सुरू झाले आणि १९४५ साली प्रवाशांसाठी बंद झाले.

आपल्याकडच्या प्रसारमाध्यमांनी या बातमीचे काय केले? कोणी त्यांच्या आईचे चित्रपट मोजले, कोणी त्यांनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली म्हणून नाके मुरडली, तर कोणी विजयाच्या भाषणात त्यांनी नेहरूंचे नाव घेतले म्हणून टाळ्या वाजवल्या. हा माणूस भारतीय की युगांडाचा, मुसलमान की आणखी कोण, यावर दूरचित्रवाणीवर तासन् तास चर्चा झडल्या. ज्या देशात नाव सांगितल्याबरोबर पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, त्या देशात दुसरे काय होणार! पण तो निवडून आला कोणत्या प्रश्नांवर, हे मात्र फार थोड्यांनी सांगितले. घरभाडे, पाळणाघर, किराणा आणि बस या चार शब्दांवर त्याने निवडणूक लढवली. सुमारे दहा लाख नियंत्रित घरांची भाडेवाढ रोखायची, सहा आठवड्यांच्या बाळापासून पाच वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांना मोफत पाळणाघर द्यायचे, महापालिकेची किराणा दुकाने काढायची आणि शहरातल्या बसगाड्या वेगवान करून मोफत चालवायच्या, असा हा जाहीरनामा.

यातल्या बसच्या मुद्द्यावर आज लिहायचे आहे. कारण त्या बातमीनंतर आपल्याच कार्यकर्त्यांमध्ये आणि सुशिक्षित मित्रांमध्ये जी चर्चा मी ऐकली, ती मला अस्वस्थ करून गेली. एक गट म्हणतो, फुकट दिले की माणूस आळशी होतो, ही अमेरिकेतली रेवडी आहे. हे म्हणणाऱ्यांत आयुष्यभर सरकारी सवलतीने रेल्वेचा प्रवास केलेले निवृत्त अधिकारीही होते, ही गंमत बाजूला ठेवू. दुसरा गट म्हणतो, अमेरिकेच्या महापौराचे आपल्याला काय, आपले प्रश्न अत्याचाराचे आणि आरक्षणाचे आहेत, बसच्या तिकिटाचे नाहीत. तिसरा गट तरुणांचा. त्यांना वाटते की ममदानी नावाचा जादूगार आता कांडी फिरवील आणि बस मोफत होईल. या तिन्ही गटांशी माझा वाद आहे. त्यातला दुसऱ्या गटाशी सर्वात मोठा.

वाहनात बसण्याचा हक्क हा आपला प्रश्न नाही, असे बाबासाहेबांचा अनुयायी म्हणूच कसा शकतो? १९०१ साली लहानगा भीमा आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनपर्यंत रेल्वेने त्यांना आणले. तिकीट काढले, गाडीत बसले, उतरले. तिथे स्टेशन मास्तरने जात विचारली आणि सारे चित्रच पालटले. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून त्या मुलांना रात्र काढावी लागली, तीही पाण्यावाचून. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेले, मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकण्याची सवय नसलेला आपलाच माणूस पुढे बसला, टांगा मोरीवर उलथला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहेत.

या प्रसंगांतला अपमान आपण भाषणांतून सांगतो. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र सांगत नाही. त्या मुलांना रेल्वेने विनातक्रार आणले आणि बैलगाडीने अडवले. रेल्वेतही विटाळ होताच, तो नव्हता असे मी म्हणत नाही. पण तिकीट काढलेल्या प्रवाशाला न्यायचे, हा रेल्वेचा नियम होता. गाडीवानाचा नियम मनुस्मृतीचा होता. सार्वजनिक वाहन हे जातीच्या पायात अडकणारे पहिले लोढणे आहे. एका बाकावर कोण कोणाला लागून बसला, हे विचारायला बसमध्ये फुरसत नसते. खेडे सोडून शहराची वाट धरा, असे बाबासाहेब सांगत होते, त्या शहराचा अर्थ उंच इमारती असा नव्हता. अनोळखी माणसांच्या गर्दीत माणूस म्हणून उभे राहता येणे, हा त्याचा अर्थ होता. आणि ही गर्दी शहरात सर्वात जास्त कुठे भेटते, तर बसमध्ये आणि लोकलमध्ये.

ज्या न्यूयॉर्कची आज चर्चा आहे, तिथेही हेच घडले आहे. १६ जुलै १८५४ रोजी एलिझाबेथ जेनिंग्ज नावाची कृष्णवर्णीय शिक्षिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघाली होती. घोड्यांच्या ट्राममध्ये चढली म्हणून कंडक्टरने आणि नंतर पोलिसाने तिला ओढून खाली उतरवले. तिने कंपनीवर दावा लावला. तिच्या बाजूने उभा राहिलेला चोवीस वर्षांचा वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १८५५ साली निकाल तिच्या बाजूने लागला, २२५ डॉलर भरपाई मिळाली आणि त्या कंपनीला आपल्या ट्राम सर्वांना खुल्या कराव्या लागल्या. रोझा पार्क्स आणि माँटगोमेरीचा ३८१ दिवसांचा बस बहिष्कार आपल्याला माहीत असतो. तो त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५५ साली सुरू झाला. मधल्या शंभर वर्षांत एका मागून एक शहरात माणसे वाहनातल्या जागेसाठी लढत होती. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीला बसचा प्रश्न कधी क्षुल्लक वाटला नाही.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेचे भाडे पाच सेंट होते. १९०४ पासून १९४८ पर्यंत, सलग ४४ वर्षे, ते पाच सेंटच राहिले. दोन महायुद्धे झाली, महागाई वाढली, पण भाडे वाढले नाही. कारण जो महापौर भाडे वाढवील तो पडेल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९१८ ते १९२५ या काळात महापौर असलेल्या जॉन हायलन यांचे राजकारणच या पाच सेंटवर उभे होते. त्याचे वाईट परिणामही झाले, गाड्या जुन्या झाल्या, दुरुस्त्या रखडल्या. तेव्हा ममदानी यांनी काही आकाशातून काढलेला विषय मांडलेला नाही. त्या शहरात भाड्याचे राजकारण शंभर वर्षांहून जुने आहे, आणि भाडे कमी ठेवले पण वाहतुकीला पैसा दिला नाही तर काय होते, याचा अनुभवही तितकाच जुना आहे.

आता आजची स्थिती पाहू. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत आणि मध्यमवर्ग भुयारी रेल्वेने जातो, त्याहून श्रीमंत मोटारीने. बसने जाणारे दहा लाखांहून अधिक लोक रोजचे. त्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो, नुकतेच आलेले स्थलांतरित, घरकाम आणि रुग्णसेवा करणाऱ्या बाया, म्हातारी माणसे यांचा भरणा मोठा. या बसचा सरासरी वेग ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलवाला सहज पुढे निघून जाईल. जानेवारी २०२६ मध्ये भाडे २.९० डॉलरवरून ३ डॉलर झाले. २०२४ च्या सुरुवातीला बसमधले जवळपास निम्मे प्रवासी भाडे न देताच चढत होते, असे वाहतूक प्राधिकरणाचीच आकडेवारी सांगते. काही लोक याला चोरी म्हणतात. वकील म्हणून मी एवढेच म्हणेन, ज्या नियमाची निम्मी माणसे रोज अवज्ञा करतात, तो नियम तपासून पाहण्याची वेळ आलेली असते.

राज्य विधिमंडळाचे सदस्य असताना ममदानी यांनी या मागणीचा पाठपुरावा करून एक प्रयोग घडवून आणला. सप्टेंबर २०२३ पासून सुमारे वर्षभर शहराच्या पाच विभागांत प्रत्येकी एक बसमार्ग मोफत ठेवण्यात आला. प्रवासी सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. चालकांवरचे हल्ले घटले, कारण भांडणाचे मूळ तिकीट होते, तेच राहिले नाही. पण याच प्रयोगातून दुसरी गोष्टही दिसली, ती लपवण्यात अर्थ नाही. बस वेगवान झाली नाही, उलट गर्दीमुळे थोडी संथच झाली. आणि वाढलेल्या फेऱ्यांचा मोठा भाग आधीपासूनच बसने जाणाऱ्या लोकांचा होता.

विरोधक याच वाक्यावर बोट ठेवतात. पाहा, नवा प्रवासी फारसा आलाच नाही, मोटार सोडून कोणी बसमध्ये बसला नाही, मग पैसा वाया घालवायचा कशाला? मी हेच वाक्य उलट वाचतो. जी बाई आधी तिकिटाच्या पैशामुळे आठवड्यातून दोनदा बसने जात होती, ती आता चारदा जाऊ लागली. म्हणजे उरलेल्या दोन वेळा ती कुठे जात नव्हती? दवाखान्यात जात नव्हती, मुलाच्या शाळेत जात नव्हती, बहिणीला भेटायला जात नव्हती, किंवा चालत जात होती. जीवनमान म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मोटारवाला बसमध्ये आला तरच बसचे सार्थक, हा हिशेब मोटारवाल्याच्या सोयीचा आहे. त्यात बसवाल्याला किंमतच नाही.

तिथे गरिबांसाठी अर्ध्या भाड्याची योजना २०१९ पासून आहे. मग सर्वांना मोफत कशाला, असाही प्रश्न येतो. याचे उत्तर आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तहसील कचेरीच्या रांगेत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा राहिलेला कोणीही ते सांगू शकेल. दाखला मागितला की अर्धे पात्र लोक दारातूनच परततात. न्यूयॉर्कमध्येही पात्र असलेल्या अनेकांनी नोंदणीच केलेली नाही. शिवाय गरिबाला आपली गरिबी सिद्ध करायला लावणे हा एक स्वतंत्र अपमान आहे. (कोणी याची आरक्षणाशी गल्लत करू नये. आरक्षण हे प्रतिनिधित्व आहे, ती सवलत नाही आणि गरिबी हटावची योजनाही नाही. बस ही पाण्याच्या नळासारखी आणि रस्त्यावरच्या दिव्यासारखी गोष्ट आहे. दिव्याखालून जाणाऱ्याला कोणी उत्पन्न विचारत नाही.)

एवढे असूनही मला कोणी विचारले की मोफत बस आणि दर पाच मिनिटांनी येणारी बस यांतले एकच मिळणार असेल तर काय घ्याल, तर मी पाच मिनिटांची बस घेईन. मोफत असलेली आणि तासभर न येणारी बस म्हणजे फुटक्या माठात ओतलेले पाणी. ममदानी यांच्या घोषणेत वेगवान हा शब्द आधी येतो आणि मोफत नंतर. चर्चा मात्र सगळी दुसऱ्या शब्दावर होते. आणि खरी लढाई पहिल्या शब्दावर आहे, कारण बस वेगवान करायची तर तिला रस्त्याची जागा द्यावी लागते आणि ती जागा कोणाकडून तरी काढून घ्यावी लागते.

ब्राँक्स विभागातल्या फोर्डहॅम रोडचे उदाहरण घ्या. या रस्त्यावरून दररोज ८५ हजार लोक बसने जातात. बहुतेक सारे कष्टकरी, काळे आणि लॅटिनो. तिथे बससाठी पूर्ण राखीव मार्ग करण्याचा प्रस्ताव होता. परिसरातल्या मोठ्या संस्थांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला, आमच्याकडे येणाऱ्या मोटारींचे काय होणार म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे महापौर एरिक अॅडम्स यांच्या प्रशासनाने तो प्रस्ताव गुंडाळला. स्वतः अॅडम्स कृष्णवर्णीय, कष्टकरी घरातून आलेले, बस प्रवाशांच्या मतांवर निवडून आलेले! पाच वर्षांत दीडशे मैलांचे संरक्षित बसमार्ग बांधलेच पाहिजेत, असा कायदा न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने २०१९ साली केला होता. तो त्यांनी पाळला नाही. आपला माणूस खुर्चीवर बसला की आपले काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. असा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

याउलट एक गोष्ट तिथे झाली, ती मोठ्या हिमतीची. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला येणाऱ्या मोटारीला दिवसा ९ डॉलर आकार द्यावा लागतो. राज्याने याचा कायदा २०१९ सालीच केला होता. २०२४ मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी ऐनवेळी तो थांबवला, मग १५ डॉलरचे ९ डॉलर करून लागू केला. लागू झाल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो बंद पाडायचा प्रयत्न केला, प्रकरण न्यायालयात गेले, आकार चालूच राहिला. पहिल्या वर्षात त्यातून ५० कोटी डॉलरहून अधिक मिळाले आणि ते वाहतूक व्यवस्थेवर खर्च करण्याचे बंधन आहे. लागू होण्याआधी सर्वात मोठा ओरडा कशाचा होता? गरिबांवर बोजा पडेल, याचा! आणि ओरडणारे कोण? मोटारवाले. गरीब कामगार त्या भागात मोटारीने जातच नव्हता, तो बसने आणि रेल्वेनेच जात होता. आपल्या स्वार्थासाठी गरिबाला पुढे करायचे, ही कला सर्व देशांतल्या प्रस्थापितांना सारखीच अवगत आहे.

आता तिसऱ्या गटाकडे, म्हणजे आपल्या उत्साही तरुणांकडे वळतो. महापौर ममदानी उद्या सकाळी उठून बस मोफत करू शकतात का? नाही. बस आणि भुयारी रेल्वे चालवणारे प्राधिकरण शहराचे नाही, न्यूयॉर्क राज्याचे आहे. त्याच्या मंडळावर सर्वाधिक सदस्य गव्हर्नर सुचवतो, महापौर सुचवतो चार. भाडे ठरवते ते मंडळ. बसच्या मोफत प्रवासासाठी वर्षाला ६५ ते ८० कोटी डॉलर लागतील असे अंदाज आहेत. त्यासाठी वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांवर दोन टक्के जादा कर आणि बड्या कंपन्यांवर वाढीव कर लावावा, असे ममदानी म्हणतात. पण तो कर लावण्याचा अधिकारही राज्याचाच. वर पुन्हा, भाड्याचे उत्पन्न कर्जरोख्यांना तारण दिलेले आहे. निवडणूक संपून आठवडाही झाला नव्हता, तोच गव्हर्नरबाईंनी मोफत बसबाबत हात आखडता घेतला. पाळणाघरांसाठी मात्र जानेवारीत पैसे जाहीर केले. महापौराच्या हाती उरतो तो रस्ता. बसचे राखीव मार्ग आखणे हे शहराच्या अखत्यारीतले काम आहे, तिथे त्यांना कोणाला विचारायचे नाही. म्हणून त्यांची खरी परीक्षा फोर्डहॅम रोडसारख्या रस्त्यांवर होईल, शपथविधीच्या भाषणावर होणार नाही.

आणि इथेच मला मुंबई आठवते. मुंबईचे नगरसेवक मार्च २०२२ मध्ये मुदत संपून घरी गेले आणि १५ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वात श्रीमंत महापालिका एका प्रशासकाच्या सहीवर चालली. या काळात काय झाले? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ पासून, बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वातानुकूलित बसचे ६ चे १२ झाले. तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून बांधलेल्या सागरी किनारा रस्त्यावर मोटारवाल्याला एक पैसा द्यावा लागत नाही आणि दुचाकीवाल्याला तिथे जाताच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मोटारीकडून घेऊन बसला देण्याची भाषा चालली आहे, आपण बसवाल्याकडून दुप्पट घेतो आणि मोटारीला माफ करतो. या टोलमाफीला कोणी रेवडी म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना बस मोफत झाली, तेव्हा मात्र हाच शब्द सगळीकडे ऐकू आला.

न्यूयॉर्कचा महापौर भाडे शून्य करू शकत नाही, म्हणून आपण हळहळतो. मुंबईत भाडे दुप्पट झाले तेव्हा तर महापौरच नव्हता, नगरसेवक नव्हते, बेस्ट समिती नव्हती. एकाही निवडून आलेल्या माणसाला त्यावर हात वर करावा लागला नाही. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. त्यावर चालक म्हणून कंत्राटी पगारात काम करणारी मुले कोणत्या वस्त्यांतली आहेत, हे मी सांगायला हवे का? कायम नोकरी गेली, तिच्याबरोबर आरक्षण गेले, आणि गेलेले कोणाच्या लक्षातही आले नाही.

महापौर असता तरी काय केले असते, हाही प्रश्न आहेच. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा, इंग्रजांच्या काळातला. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आयुक्त नेमणार राज्य सरकार, महापौर सभागृह चालवणार आणि पाहुण्यांचे स्वागत करणार. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या अनुसूचीत शहरांच्या स्वराज्य संस्थांसाठी अठरा विषय आले. त्यात रस्ते आहेत, पूल आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेसुद्धा आहेत. बस नाही! थांबा शहराचा, बस कोणाची ते राज्याने ठरवावे. त्याच घटनादुरुस्तीने महापौरपदाला आरक्षण दिले, आणि सोडत आपल्या बाजूने निघाली की आपण गुलाल उधळतो. आपली ताई किंवा आपला भाऊ महापौराच्या गाडीत बसला याचा आनंद मलाही होतो. पण त्या गाडीतून तिला शहरातली एक बसही हलवता येत नसेल, तर आपण नेमके काय मिळवले, याची चर्चा चळवळीच्या एका तरी शिबिरात झाली आहे का?

कायद्याच्या बाजूने आपले हात रिकामे नाहीत. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक वाहनाच्या वापरात अस्पृश्यतेवरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. ती आडकाठी हाताने केलेली असावी लागते. भाड्याने, अंतराने आणि न येणाऱ्या बसने केलेल्या आडकाठीला या कलमात जागा नाही. पण घटनेच्या कलम २१ मध्ये आहे. १९८६ साली हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध उमेद राम शर्मा या खटल्यात डोंगराळ गावांतल्या दलित रहिवाशांनी रस्ता मागितला होता (निकालपत्रात त्यांना 'हरिजन' म्हटले आहे, त्याला इलाज नाही). सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिथल्या माणसांना रस्त्यापर्यंत पोहोचता येणे हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच्या एक वर्ष आधी, ओल्गा टेलिस खटल्यात, मुंबईचा फुटपाथवासी कामाजवळच का राहतो, तर लांबून येण्याचा खर्च त्याच्या मजुरीला झेपत नाही, हे वास्तव न्यायालयापुढे आले आणि उपजीविका हा जगण्याचा भाग मानला गेला. त्या निकालानंतर चार दशकांत काय झाले? वस्त्या उठल्या आणि पुनर्वसनाच्या नावाखाली शहराच्या कडेला फेकल्या गेल्या. घर मिळाले असेल, काम मात्र जुन्या जागीच राहिले. मधले अंतर कापायला बस हवी होती, ती कोणी पुनर्वसनाच्या करारात लिहिली नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दोन कामांचे पैसे एकीकडे आणि महिन्याचा प्रवासखर्च एकीकडे मांडला की तिने एक काम का सोडले, ते कळते.

पुनर्वसनाची प्रकरणे लढवणाऱ्या माझ्या वकील मित्रांना म्हणून माझी विनंती आहे. घराचे क्षेत्रफळ आणि देखभालीचा निधी मागताना याचिकेत बसमार्ग मागा, फेऱ्यांची संख्या मागा, पहिली बस किती वाजता आणि शेवटची किती वाजता ते मागा. रुग्णालयात झाडू मारणारी बाई पहाटे साडेचारला निघते, तेव्हा थांब्यावर बस असते की नाही, हे प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. आणि नव्या महापालिकांत आपले जे थोडे नगरसेवक निवडून आले आहेत, त्यांना वस्तीत सत्काराला बोलावले की हारासोबत एक प्रश्नही द्यावा. आपल्या प्रभागातून कोणते बसमार्ग बंद झाले, ते कोणाच्या सहीने बंद झाले, आणि ती सही करणाऱ्याला सभागृहात उभे करून जाब विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे की नाही?